रंकाळ्याची वही

विद्यार्थ्यांना तलावाचं पाणी तपासायला न्यायचं असेल तर सूर्य उगवायच्या आधी न्यावं, आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्याच घाटावर पुन्हा न्यावं. शाळेच्या वेळापत्रकात हे बसत नाही आणि पहाटे मुलांना सोडायला पालक सहजी तयार होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी आग्रह सोडू नये. एरवी काय होतं? शाळेची गाडी अकराला पोहोचते, मुलं एक बाटली भरतात, त्या पाण्याचे पाच-सहा आकडे निघतात आणि प्रदर्शनातल्या तक्त्यावर 'आमच्या तलावाचं पाणी' या मथळ्याखाली ते कायमचे चिकटतात. अकरा वाजताचा आकडा खोटा नसतो. पण त्यावरून तलाव दिवसभर काय करतो हे कळत नाही, आणि तलाव दिवसभर बरंच काही करत असतो.

या प्रकरणासाठी मी कोल्हापूरचा रंकाळा निवडला आहे. शहराच्या पश्चिम अंगाला असलेला हा तलाव. एकीकडे शालिनी पॅलेस, एकीकडे पद्माराजे उद्यान, पाणी उतरलं की उघडा पडणारा काळ्या दगडाचा संध्यामठ, आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारं निम्मं शहर. शहर वाढलं तसे भोवतालच्या वस्त्यांचे नाले तलावाकडे वळले. मग केंदाळ आलं. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती निळसर-जांभळ्या फुलांच्या हौसेपायी जगभर पोहोचली आणि सांडपाणी मिळेल तिथं तिनं पाणी झाकून टाकलं. रंकाळ्यातलं केंदाळ मोठ्या खटाटोपानं काढलं गेलं, तर पुढे पाणीच रंग कालवल्यासारखं हिरवं झालं आणि काठावर उभं राहवेना. आधी केंदाळ आणि नंतर हिरवं पाणी, हा क्रम वाचकानं लक्षात ठेवावा. मुलांनी शोधायचं ते बरंचसं त्यातच आहे.

आधी पहाटेचं काम. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर मासे जगतात. 25 अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर एका लिटर पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून तिथं हा आकडा 7.7च्या जवळपास येतो. पाणी जसं तापेल तसा तो आणखी घटतो. आता ज्या तलावात शैवाल माजलं आहे तिथं दिवसभर ऊन पडलं की शैवाल स्वतःच ऑक्सिजन तयार करतं, इतका की दुपारी पाण्यात हवेतून मावतो त्यापेक्षाही जास्त ऑक्सिजन सापडतो. सूर्य मावळला की ही निर्मिती थांबते. श्वसन मात्र थांबत नाही. शैवाल, मासे, गाळातले जिवाणू रात्रभर तोच साठा वापरत राहतात आणि उजाडायच्या बेतात तो तळाला जातो. दुपारी दहा-बारा मिलिग्रॅम दाखवणारं पाणी पहाटे दोन-तीनवर आलेलं असू शकतं. तेव्हा मासे तोंड वर काढून पृष्ठभागाजवळ गोळा होतात. पावसाळ्यात दोन-तीन दिवस सलग आभाळ भरून राहिलं तर दिवसाची भरच होत नाही, आणि एका सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच लागतो. लोक म्हणतात, कुणीतरी विष टाकलं. ते कधी खरंही असेल. पण ज्या मुलांनी पहाटेचा आणि दुपारचा आकडा शेजारी शेजारी लिहिला आहे ती आधी विचारतात, काल-परवा ऊन होतं का?

हा ऑक्सिजन मोजायची जी रीत आहे ती मुलांना शिकवताना मला आजही आनंद होतो. बुडापेस्टमधल्या लायोश विंकलर या रसायनशास्त्रज्ञानं ती 1888 साली मांडली. काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा राहू न देता भरायची. तीत पिपेटनं मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर पांढरा साका तयार होतो. असेल तर तो साका तपकिरी होतो, आणि जितका ऑक्सिजन तितका गडद. म्हणजे घाटावर उभ्या उभ्या, एकही आकडा न काढता, पहाटेची बाटली आणि दुपारची बाटली डोळ्यांना वेगळी दिसते. या साक्यात ऑक्सिजन अडकून पडतो, त्यामुळे पुढचं काम काही तासांनी प्रयोगशाळेत केलं तरी चालतं. तिथं सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळतो आणि अडकलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळं होऊन पाणी पिवळं दिसतं. मग ब्युरेटमधून थेंबाथेंबानं सोडियम थायोसल्फेट सोडायचं, शेवटी खळीचे थेंब टाकायचे. खळीनं आलेला निळा रंग थायोसल्फेटच्या एका थेंबात नाहीसा होतो. 200 मिलिलिटर पाणी घेतलं आणि थायोसल्फेटची तीव्रता 0.025 नॉर्मल ठेवली तर जितके मिलिलिटर लागले तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर. बाजारात ऑक्सिजन मोजणारी उपकरणं मिळतात आणि ती चांगली असतात, पण ज्यानं हा रंग जाताना पाहिला त्याला आकड्यामागची वस्तू कळलेली असते. आम्ल शिक्षकांनीच ओतावं, हातमोजे आणि चष्मा लावावा, आणि वापरलेली रसायनं डब्यात साठवून शाळेत परत न्यावीत. तलावाचं पाणी तपासताना तलावातच रसायन ओतणं मुलांनी एकदाही पाहता कामा नये. पाण्यात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. दोरी बांधलेली बादली पुरेशी आहे.

ऑक्सिजनबरोबर सामू मोजावा. शैवाल दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे हिरव्या तलावाचा सामू दुपारी नऊच्या वर चढू शकतो आणि पहाटे पुन्हा खाली येतो. याचा परिणाम माशांवर होतो. सांडपाण्यातून आलेला अमोनिया सामू 7 असताना जवळजवळ सगळा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो, विषारी मुक्त अमोनिया शेकडा एकापेक्षाही कमी. सामू 9 झाला की 25 अंशांना मुक्त अमोनियाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. नाल्याचं पाणी तेच, त्यातला अमोनियाही तेवढाच, पण दुपारी तो माशांना जाचतो. पहाटे ऑक्सिजनचा तुटवडा, दुपारी अमोनियाचा त्रास. अकराची बाटली या दोहोंच्या मधून निघून जाते.

एवढं मोजल्यावर मुलं विचारतात, मग पाणी चांगलं की वाईट? या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊ नये. कशासाठी, असं उलट विचारावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे वर्ग वापरानुसार पाडले आहेत. बाहेर आंघोळीसाठीच्या 'ब' वर्गाच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी 3 पेक्षा जास्त नको आणि 100 मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म जिवाणू 500च्या आत हवेत. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन चालतो, मुक्त अमोनिया मात्र 1.2च्या वर चालत नाही. शेतीसाठी आणखी निराळे निकष. एकच पाणी म्हशीला चालेल, ज्वारीला चालेल आणि पोहणाऱ्या पोराला चालणार नाही. लोणारचं सरोवर घ्या. उल्कापातानं बेसॉल्टच्या खडकात झालेल्या त्या विवरातल्या पाण्याचा सामू 10च्या घरात. आमच्या तक्त्यात ते सगळीकडे नापास होईल, पण ते तसंच असायला हवं. त्यात राहणारे सूक्ष्मजीव त्याच पाण्याचे. 2020च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे. तेव्हा दुसऱ्या तलावाशी तुलना करण्याआधी तलावाची त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी तुलना करायला मुलांना शिकवावं.

वर आलेली जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजेच बीओडी. नाव जड आहे, प्रयोग सोपा आहे. एकाच बादलीतून दोन बाटल्या भरायच्या. एकीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा, दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवून काही दिवसांनी मोजायची. मधल्या काळात पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला तो फरक म्हणजे बीओडी. इंग्लंडमध्ये ही चाचणी 20 अंशांना पाच दिवस ठेवण्याची प्रथा पडली आणि जगभर तीच रूढ झाली. भारतीय मानकात मात्र 27 अंशांना तीन दिवस आहेत, कारण आपल्या हवेत जिवाणू तेच काम लवकर उरकतात. शाळेतल्या बंद कपाटाचं तापमान बऱ्याच ऋतूंत त्याच्या आसपास असतं, ही सोयच म्हणायची. नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या पाण्यात तीन दिवसांनी ऑक्सिजन शून्य निघतो. तेव्हा ते पाणी आधी पातळ करून पुन्हा ठेवावं लागतं, आणि किती पातळ करायचं याचा अंदाज बांधताना मुलांची गणिताची तासभराची तयारी होते.

वेळेनंतर जागा. तलावाच्या एकाच ठिकाणचं पाणी म्हणजे तलाव नव्हे. इथं टीडीएस मीटर फार उपयोगी पडतो, आणि तो हल्ली बऱ्याच घरांत असतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्यांनी या छोट्या उपकरणाबद्दल एक गैरसमज पसरवून ठेवला आहे की आकडा लहान म्हणजे पाणी शुद्ध. टीडीएस फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. पण काठानं चालत दर पन्नास पावलांवर आकडा लिहीत गेलं तर एखाद्या ठिकाणी तो अचानक चढतो. तिथं थांबून झुडपात पाहावं. पाइप किंवा नाला सापडण्याची शक्यता मोठी. मुलांनी हातानं काढलेल्या रंकाळ्याच्या नकाशावर हे आकडे मांडले की घाण कुठून येते ते नकाशाच दाखवतो.

पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का, यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 साली एक स्वस्त चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या कागदी पट्टीवर पाणी ओतून एक-दोन दिवस ऊबदार जागी ठेवलं आणि ते काळं पडलं तर संशय पक्का. काळा रंग हायड्रोजन सल्फाइडमुळे येतो. तलावाचं पाणी बहुधा काळं पडेलच, त्यातून नवं काही कळणार नाही. त्याच्याबरोबर शाळेच्या टाकीचं, आडाचं आणि उकळून गार केलेलं पाणीही लावावं. खरी चर्चा टाकीच्या बाटलीवरून सुरू होते.

आता हिरव्या रंगाकडे येऊ. पाणी किती स्वच्छ दिसतं हे मोजायचं साधन एका धर्मगुरूनं दिलं. आंजेलो सेकी हे रोममधले जेझुइट खगोलशास्त्रज्ञ. 1865 साली पोपच्या जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि किती खोलीवर त्या दिसेनाशा होतात ते लिहून ठेवलं. आज तलावासाठी वापरतात ती तबकडी 20 सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची असते. नाव नसेल तर मीटरभर लांबीची पारदर्शक नळी घ्यावी, तळाला तशीच छोटी तबकडी चिकटवावी, नळी पाण्यानं भरून तबकडी दिसेपर्यंत पाणी सोडत जावं आणि उरलेली उंची लिहावी. पण गढूळपणाचा आकडा एकटा फसवतो. पावसानंतर मातीनं गढूळ झालेलं पाणी आणि शैवालानं हिरवं झालेलं पाणी सारखाच आकडा देऊ शकतात. म्हणून तेच पाणी गाळणकागदातून गाळून कागद वहीत चिकटवावा, खाली तारीख घालावी. वर्षाअखेरीस त्या कागदांचे रंग एका नजरेत दिसतात. नीलहरित शैवालाचा जाड तवंग आला असेल तर त्याला उघड्या हातानं शिवू नये. त्यातल्या काही जाती यकृताला घातक विषं तयार करतात.

शैवाल का माजतं याचं सगळ्यांत सुंदर उत्तर कॅनडातल्या एका तलावानं दिलं. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येला संशोधनासाठी राखलेले काही लहान तलाव आहेत. त्यांतल्या 226 क्रमांकाच्या तलावाचा आकार मध्ये निमुळता, दोन भाग जोडल्यासारखा. 1973 साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निमुळत्या जागी पडदा घालून तलावाचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसा राहिला. विमानातून घेतलेलं ते छायाचित्र जगभर गाजलं, कारण त्या काळात डिटर्जंट कंपन्या शैवालाचा दोष कार्बनवर ढकलत होत्या आणि फॉस्फेटला हात लावू नका म्हणत होत्या. शिंडलर यांच्या तलावानं तो वाद निकालात काढला.

हा प्रयोग वर्गात करता येतो. घाटावरून आणलेलं पाणी चार सारख्या काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत ठेवावं. एक तशीच, एकीत चिमूटभर युरिया, एकीत फॉस्फेट खताचा कण, एकीत दोन्ही. कुठली बरणी आधी हिरवी होते याचा निकाल मी इथं सांगत नाही, कारण तो तलावागणिक बदलू शकतो. ज्या पाण्यात सांडपाण्यानं फॉस्फरस आधीच भरपूर आणून टाकला आहे तिथं निकाल शिंडलर यांच्यासारखा येईलच असं नाही, आणि तसा आला नाही तर तोही तलावाबद्दलचा शोधच आहे.

इथं केंदाळाचा आणि हिरव्या पाण्याचा क्रम आठवावा. केंदाळ नाल्यातून येणाऱ्या फॉस्फरसवर पोसलेलं होतं, आणि पाण्यावर सावली धरून होतं. ते काढलं, ऊन आत गेलं, नाले मात्र वाहते राहिले. तेच अन्न शैवालाच्या वाट्याला आलं. म्हणून नुसतं केंदाळ काढण्याची मोहीम कितीही मनापासून केली तरी पुरी पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. नाले अडवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवणं हेच खर्चाचं, वेळखाऊ आणि टाळता न येणारं काम. तेही झाल्यावर पाणी लगेच निवळत नाही. वर्षानुवर्षांचा फॉस्फरस गाळात लोहाला धरून बसलेला असतो. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. नाले बंद झाल्यावरही तलाव काही वर्षं हिरवा राहिला तर 'खर्च वाया गेला' असा ओरडा होतो. अशा वेळी मुलांच्या वहीतले पहाटेचे आकडे दाखवता आले पाहिजेत, कारण रंग बदलायच्या आधी ते सुधारू लागतात.

गाळातला जीव पाहायला चाळण आणि पांढरी थाळी लागते. घाटाच्या कडेचा थोडा गाळ धुऊन थाळीत पसरला की हालचाल दिसते. रक्तासारख्या लाल अळ्या पुष्कळ आणि बाकी काहीच नाही, असं असेल तर तिथं ऑक्सिजनची चणचण नेहमीची आहे. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या टिकतात. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं, गोगलगायी, शिंपले असे निरनिराळे जीव असतील तर पाणी बरं. बाटलीतला आकडा त्या घटकेचा असतो. थाळीतले जीव मागचे कित्येक आठवडे तिथं राहिलेले असतात.

गणेशोत्सवाचा हंगाम वगळू नये. कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ मोठी आहे, आणि विसर्जनासाठी रंकाळ्याशेजारची इराणी खण वापरली जाते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात फार सावकाश विरघळतं, पण त्यातलं कॅल्शियम पाण्याची दुष्फेनता वाढवतं. तेव्हा विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात, दुसऱ्या दिवशी आणि महिन्यानंतर खणीच्या आणि तलावाच्या पाण्याची दुष्फेनता, टीडीएस आणि ऑक्सिजन मोजावा. घरी मूर्ती आणणारी मुलंच हे मोजतात, आणि पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती आणायची की नाही हे घरात तीच बोलतात.

राहिली वही. राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेस 1993 पासून भरते आहे आणि तिच्यासाठी पाण्यावरचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यातले बरेचसे स्पर्धा संपली की संपतात. सरकारी प्रयोगशाळेइतकी अचूकता शाळेला जमणार नाही, पण प्रयोगशाळेचा माणूस दर आठवड्याला पहाटे पाचला येऊ शकत नाही आणि तलावाकाठी राहणारी मुलं येऊ शकतात. तेवढ्यासाठी वही एकच असावी आणि ती वर्गाची नव्हे, शाळेची असावी. प्रत्येक नोंदीला तारीख, घड्याळातली वेळ, घाट, पाण्याचं तापमान, आदल्या दोन दिवसांचं आभाळ आणि मोजणाऱ्याचं नाव. न घेतलेला आकडा कोराच ठेवायचा. नोंदी महापालिकेकडे द्यायच्या तर त्यांच्यासोबत मोजण्याची रीतही लिहून द्यावी.

आणि वर्षातली सर्वांत मोलाची नोंद शाळा बंद असताना घ्यायची असते. पहिला जोराचा पाऊस रस्त्यांवरचं, गटारांतलं साचलेलं सगळं एकदम तलावात आणतो. त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे आकडे पुन्हा वर्षभर मिळत नाहीत. कोल्हापुरात हा पाऊस मेमधल्या वळवाचा असतो किंवा मृगाचा, म्हणजे शाळा उघडायच्या आधीचा. तेव्हा सुट्टीत वही, बाटल्या आणि बादली तलावाजवळ राहणाऱ्या कुणाच्या घरी ठेवायची आणि आभाळ भरून आलं की कुणी कुणाला फोन करायचा, हे एप्रिलच्या परीक्षेआधीच ठरवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावं.